ओट्याचा तुकडा

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘लेझर’ हा शब्द मोठ्या अक्षरात आहे. त्यामुळे सुकापुरात दुकान उघडलं तेव्हा सुरुवातीला बायका यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि दबक्या आवाजात विचारायच्या, “हनुवटीवरचे केस कायमचे जातात का हो?” मी त्यांना आत नेऊन मशीन दाखवायचे. आमचं लेझर केस काढत नाही, लाकूड कापतं, हे कळल्यावर काही जणी हिरमुसून जायच्या आणि काही जणी जाताजाता दारावरच्या नावाच्या पाटीची ऑर्डर देऊन जायच्या. धंद्याचा जम असाच बसला.

त्याआधी मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पगाराच्या चिठ्ठीवर शेवटपर्यंत ‘मन’च होतं, ‘वुमन’ कुणी केलं नाही. विजेच्या पॅनलची, पत्र्याच्या कपाटांची ड्रॉइंग काढायची हे काम. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी गेले नाही. हातात रेघ होती, ती वापरायला काहीतरी हवं होतं, म्हणून मशीन घेतलं.

मशीन म्हणजे झाकणाची एक मोठी पेटी. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जाळीवर प्लायवुडची शीट पसरायची. कॉम्प्युटरवर जी रेघ काढली असेल तिच्यावरून किरण जातो आणि लाकूड वेगळं होतं. कापतो म्हणायचं, पण खरं तर तो जाळत जातो. जिथून रेघ जाते तिथलं केसभर लाकूड धूर होऊन जातं. पाटी कापताना त्यानं काही बिघडत नाही. पझल कापताना मात्र ते केसभर अंतर दर दोन तुकड्यांमध्ये राहतं, आणि शंभर तुकडे झाले की सगळं चित्र खुळखुळायला लागतं. बाजारातली पुठ्ठ्याची पझलं साच्यानं दाबून कापतात, त्यांना हा त्रास नाही. लाकडाचं पझल करणाऱ्याची परीक्षा इथेच असते.

तुकड्यातून बाहेर आलेल्या गोल बोंडाला आम्ही कान म्हणतो आणि तो ज्यात बसतो त्याला खोबण. कान मोठा झाला तर बसत नाही, बारीक झाला तर दुसऱ्या दिवशी मोडून येतो. प्लायवुडला पनवेलची हवा सोसत नाही. पावसाळ्यात शीट पापडासारखी वाकते, म्हणून मी शिटा आडव्या ठेवून त्यांच्यावर जुन्या शिवणयंत्राचा जड लोखंडी पाया ठेवते. धुराचे डाग पडू नयेत म्हणून आधी कागदी चिकटपट्टी लावायची, कापून झालं की ती सोलत बसायची. या सोलण्याचं काम कुणाला सांगून समजत नाही. लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं.

पझलची गिऱ्हाइकं पाटीच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगळी असतात. खांदा कॉलनीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या बाकड्यासाठी हत्तीचं पझल करून घेतलं. त्या हत्तीची सोंड तेवढी नेमानं चोरीला जाते. मी आता सोंडा जास्तीच्या कापून ठेवते. पनवेलात एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा, सून, नातवंडं सगळी इस्रायलला. नातवंडांना पाठवायला त्यांनी मराठी अक्षरांचं पझल सांगितलं आणि म्हणाले, “ळ सगळ्यात मोठा काढा. तिकडे गेलं की पहिल्यांदा जिभेवरून ळ जातो.” मी ळ तळहाताएवढा काढला. ते तो हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

पण सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी मढवींच्या गावाचं सांगते.

जनार्दन मढवी बिल्डर आहेत. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतल्या एका गावचे. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यात एका घरची गोष्ट आहे. ते आले होते नव्या इमारतीच्या पाट्या करायला. काउंटरवर मी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं पझल ठेवलेलं असतं. मी बिल करेपर्यंत त्यांनी उभ्याउभ्या ते जोडलं. मग म्हणाले, “मॅडम, असा एका गावाचा बनतो का?”

“गावाचा नकाशा असेल तर बनेल.”

“नकाशा हाय, पण त्यात घरं नाहीत, नुसते नंबर. आमची पोरं मोबाईलवर गाव शोधतात. धावपट्टी दिसते.”

त्यांच्या मनात होतं ते असं. गावदेवीचं देऊळ नव्या जागी बांधलं होतं, तिथे दरवर्षी जत्रा भरते, पांगलेलं सगळं गाव त्या दिवशी एकत्र येतं. त्या दिवशी मांडवात एक मोठं पझल ठेवायचं. प्रत्येक घराचा एक तुकडा. ज्यानं त्यानं यावं, आपलं घर शोधावं आणि आपल्या हातानं जागेवर लावावं.

मी कारखान्यात हजारो ड्रॉइंग काढली असतील, पण असं काम सांगणारा माणूस मला भेटला नव्हता. मी लगेच हो म्हटलं. अडचणी नंतर सुचल्या. नकाशावर जमिनीचे तुकडे होते. पण घराचं तोंड कुठे, झाड कुठे, विहिरीकडे जाणारी वाट कुठून, यातलं काही नव्हतं. जनार्दनराव म्हणाले, “माझ्या आईला विचारा. ती गावची धवलारीण होती.”

आगरी लग्नात धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण. लग्नातला एकेक विधी तिच्या गाण्यानं पुढे सरकतो. ठमाबाय मढवींनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात लग्न लावलं होतं. मी त्यांच्या बंगल्यावर गेले तेव्हा त्या सोफा सोडून गॅलरीच्या फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. मी समोर खाकी कागद अंथरला आणि पेन्सिल काढली.

“देवलाकडना चालू कर, बाय,” त्या म्हणाल्या. “मी लग्नाला निंगायची ती देवीला नारल ठेवूनच.”

मी देऊळ काढलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी काढत गेले. “ह्यो भोईराचा घर. यांचा मांडव उगवतीला. त्याचे बाजूला हिरूबाय, तिचे दारान चाफा. पुढचे घराला मांडवाला जागाच नाय, त्यांचा मांडव रस्त्यान पडाचा.” पुढचं घर आठवेना की त्या डोळे मिटून हलकेच काहीतरी गुणगुणायच्या आणि मग सापडायचं. लग्नावरून घर, घरावरून अंगण, अंगणावरून शेजार. काही ठिकाणी त्या चुकल्याही. गॅलरीत बसलेल्या त्यांच्या मैत्रिणी मध्येच बोलायच्या, “ठमे, विहीर अलीकडं व्हती गो,” आणि मी खोडरबर चालवायचे. असं आठवडाभर चाललं. दुपारी मी तिथेच तांदळाची भाकरी जेवायचे.

शेवटी त्या स्वतःच्या घरावर आल्या. “ह्या आमचा. मधी भिंत. ये अंगाला जनू, ते अंगाला गजू.”

ठमाबायना दुसरा मुलगा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी घर काढलं, मध्ये भिंत काढली. वर पाहिलं तर जनार्दनराव दारात उभे होते. ते वळून आत गेले.

मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले. म्हणाले, “तो दुसरा अर्धा नका काढू. तिथं चिंच दाखवा.”

“का हो?”

मग त्यांनी सांगितलं. गाव सोडायच्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की पाऊस संपल्याशिवाय कुणी घर मोडायचं नाही. त्यांच्या धाकट्या भावानं, गजाननानं, आपला अर्धा भाग पावसाच्या तोंडावर पाडायला लावला आणि बिऱ्हाड घेऊन निघून गेला. मधली भिंत मातीची. ती उघडी पडली. “माझ्या आईनं तो पाऊस ताडपत्रीच्या आडोशाला काढला, मॅडम. आणि जाताना त्यानं ओटापण तोडला. बापाच्या वेळचा ओटा.” त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या घरातल्या लग्नालाही गेले नव्हते.

गिऱ्हाईक सांगेल ते कापायचं, हा आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. कुणाच्या पाटीवर कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं हे मी कधी विचारलेलं नाही. एका गृहस्थांनी पाटीवर स्वतःचं आणि कुत्र्याचं नाव घातलं, बायकोचं नाही. तीसुद्धा मी मुकाट्यानं करून दिली. पण इथे मी घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले आणि चिंच काढायला माझा हात उठेना. त्या बाईनं मला फरशीवर बसवून सगळं गाव दाखवलं होतं. चिंच तिनं विहिरीपाशी सांगितली होती.

मी गाव पूर्ण काढलं. दोन्ही अर्ध्यांसकट. स्वस्तातल्या एमडीएफच्या फळीवर एक कच्चा नमुना कापला आणि जनार्दनरावांना दुकानात बोलावलं. त्यांनी तो पाहिला, आपलं घर शोधलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“मी काय सांगितलेलं?”

“तुम्ही चिंच सांगितलीत. पण तिथे चिंच नव्हती. बाकी तुम्ही म्हणाल तसं बदलते, रंग, आकार, पेटी. नव्हतं ते झाड मी घालणार नाही. हवं तर ड्रॉइंग घेऊन जा, दुसरीकडे करून घ्या.”

ते उठून गेले. ड्रॉइंग नेलं नाही. मला वाटलं, काम गेलं. खरं सांगायचं तर वाईट पैशाचं नव्हतं, त्या गावाचं वाटत होतं. टेबलावर नमुना पसरलेला, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे कोणतं गाव?

चार-पाच दिवसांनी रिक्षा करून ठमाबाय स्वतः आल्या. बरोबर थोरली सून रंजना. “गाव कुटवर आला बगाला आयलो,” म्हणाल्या. मी त्यांना खुर्ची दिली, ती नको म्हणून त्या टेबलाला धरून उभ्याच राहिल्या. एकेका घरावर बोट ठेवत चालल्या. आपल्या घरापाशी आल्यावर त्यांनी गजूचा अर्धा उचलला, उलटसुलट केला आणि सरळ कमरेच्या पिशवीत टाकला.

“आजी, तो नमुन्यातला आहे,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ दे. माज्या पोराचा घर हाय.”

रंजनाताई खाली बघत हसल्या.

त्याच आठवड्यात एक उंच, सावळा माणूस दुकानात आला. हाताला ग्रीसचा काळेपणा. पळस्पे फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे हे मला नंतर कळलं. त्यांनी खिशातून तो तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

“ह्या तुमी कापला?”

“हो.”

“दरवाजा चुकलाय.”

एवढंच. मी विचारलं, “तुम्ही गजाननराव का?” त्यांनी मान हलवली. “लगीन ठरल्यावर मी दरवाजा खाडीकडं फिरवला. सकाळचा वारा यावा म्हणून. आयसच्या डोक्यान जुनाच दरवाजा बसलाय. तेवडा दुरुस्त करा. बाकी मना काय बोलाचा नाय.”

मी कागद पुढे केला. त्यांनी दार कुठे होतं ते दाखवलं. मी विचारलं, “मग दारासमोर काय? इथे तर ठमाबायनी मोकळी जागा सांगितलीय. ओटा भिंतीपर्यंतच संपतो.”

“ओटा पुढं वाढवलावता. माज्या दारापरत. दोगांचा येकच ओटा.”

ते जायला वळले, पुन्हा थांबले. “माजा घर काडाला त्यानं सांगितला?”

काय उत्तर द्यावं याचा मी विचार केला, आणि खरं तेच सांगितलं. “तुमच्या आईनं सांगितलं. मी काढलं.”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

आता मला खरीच अडचण होती. ओटा जर दोन्ही दारांसमोरून सलग जात असेल तर दोन्ही तुकड्यांचा आकार बदलणार. तो किती लांब, किती रुंद, कोपऱ्यात वळतो की सरळ जातो, हे एकट्या गजाननरावांच्या सांगण्यावर मी काढू शकत नव्हते. मी आधी गजाननरावांना बोलावलं, मग जनार्दनरावांना फोन केला. म्हटलं, “ओट्याचं माप हवंय. तुम्ही आलात तर बरं. गजाननरावही येणार आहेत, आधीच सांगते.”

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.

दोघे आले. एक काउंटरच्या या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये मी, माझा खाकी कागद आणि पेन्सिल. दोघेही माझ्याशीच बोलत होते.

“ओटा माझ्या दारापासून चालू,” जनार्दनराव म्हणाले. “पुढचा भाग नंतर वाढवला.”

“कोनी वाढवला ते पन सांगाला सांगा,” गजाननराव म्हणाले.

“आम्ही दोघांनी.” जनार्दनराव मला सांगत होते. “बापाला झेपत नव्हतं. याचं लग्न ठरलेलं. दगड मी आणला, माती यानं तुडवली.”

“दगड दोगांनी आनला. तुजे पाटीखाली फडका नसता तर खांदा सोलला असता. फडका कोनी दिला?”

“आईनं.”

“माज्या डोक्याचा काडून मी दिला.”

मी ओट्याची रेघ पुढे नेली. कोपऱ्यात उखळ होतं की नव्हतं यावरून थोडा वाद झाला. जाळं विणायला बाप कुठे बसायचा यावरून झाला नाही; दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं आणि दोघांनी एकदमच उचललं.

मग जनार्दनराव पहिल्यांदा सरळ भावाकडे बघून म्हणाले, “एवढा आठवतंय तर तोडलास कशाला?”

“मी नाय तोडला.” गजाननरावांचा आवाज चढला नाही. “सुनेचे दिवस भरत आलेवते. पावसान गावचा रस्ता बंद पडला असता तर तिला कुटना नेली असती? म्हणून आधी निंगालो. पोकलेनवाल्याला बोल्लो, भिंतीला हात लावू नको, ओटा सोड. तो नाय ऐकला. पुढचे भिंतीबरोबर ओटा पन गेला. मी तंय उभा व्हतो.”

“तेव्हा सांगायचा होता.”

“फोन उचाललास?”

बाहेर कुणीतरी झेरॉक्स आहे का म्हणून विचारलं, मी मानेनंच नाही म्हटलं. मला पुढे कामाचं विचारणं भाग होतं, म्हणून मी विचारलं, “मग ओटा कुणाच्या तुकड्यात घालू?”

गजाननराव बाहेर रस्त्याकडे बघत होते. जनार्दनराव म्हणाले, “वेगळा काढा.”

“वेगळा म्हणजे?”

“दोन घरं दोन तुकडे. ओटा वेगळा. तो दोघांना लागेल असा.”

कागदावर ओट्याचा वळणारा कोपरा मी चुकीचा काढला होता, तेवढा गजाननरावांनी बोटानं दाखवला. मग दोघे आपापल्या गाडीनं गेले.

सांगायला सोपं होतं. लांब, अरुंद तुकडा ही लाकडी पझलमधली सगळ्यात वाईट गोष्ट. तो मध्येच मोडतो. शिवाय याला दोन्ही घरांना धरून ठेवायचं होतं आणि तिसऱ्या बाजूनं खाडीच्या वाटेला. मी शेवटी तो अख्ख्या शीटमधून न कापता वेगळ्या शीटमधून कापायचं ठरवलं, वरच्या थराचे तंतू लांबीच्या दिशेनं येतील असा, म्हणजे वाकला तरी मोडणार नाही. वेगळा कापल्यामुळे आणखी एक सोय झाली. मोठ्या शीटमधल्या तुकड्यांमध्ये ते जळालेलं केसभर अंतर राहतंच. ओटा मला त्या अंतराइतका मोठा काढता आला. तसं करताना अंदाज चुकला तर तो बसतच नाही. मी सहा-सात ओटे कापले. फेकून दिलेल्या ओट्यांचा एक ढीग झाला.

मोठी शीट कापायला घेतली त्या दिवशी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर मशीन चालत नाही. वीज परत येईपर्यंत मशीन आपली जागा विसरलं होतं, पुन्हा सुरू केलं तर रेघ अर्ध्या केसानं सरकून गेली आणि देवळाजवळची सगळी आळी वाया गेली. चांगलं बर्चचं प्लायवुड होतं. मी खाली बसले आणि मला चक्क रडू आलं. मग उठून दुसरी शीट लावली. पावसाळ्यात जमा झालेला ओलावा निघून जावा म्हणून ती आधी दोन दिवस उन्हात-सावलीत ठेवली होती, ते बरं झालं. या वेळी संध्याकाळपर्यंत वीज गेली नाही.

कौलांच्या रेघा, चाफा, विहिरीचा रहाट, मिठागराचे चौकोन, हे सगळं हलक्या किरणानं वर कोरलं. रंग दिला नाही. जळालेल्या रेघेचा तपकिरी रंगच गावाला शोभत होता. घरांवर नावंही घातली नाहीत. ज्याचं त्याला ओळखू येईल असं जनार्दनराव म्हणाले आणि ते खरं ठरलं.

पेटीचं मात्र आमचं जुळेना. पझलच्या पेटीवर चित्र असतं, ते बघून माणूस जोडतो. मी झाकणावर गावाचं चित्र कोरायचं म्हटलं तर ठमाबाय म्हणाल्या, “चित्र कनाला? आमाला ठाव हाय गाव.” म्हणून झाकण कोरं ठेवलं. सरकतं झाकण, बाजूंना बोटात बोट अडकवल्यासारखे जोड, खिळा एकही नाही. दमट हवेत झाकण फुगून अडकू नये म्हणून खाचेत थोडी जागा सोडली. पेटी उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी लावल्या. त्यासाठी गावातल्याच एकानं जाळ्याचा दोर वळून दिला.

जत्रेला मला बोलावणं होतं. मी नवऱ्याला घेऊन गेले. मांडवात मधोमध टेबलं जोडून ठेवली होती आणि तुकडे एका मोठ्या परातीत ओतले होते. सुरुवातीला लोक लांबून बघत होते. मग एका म्हातारबाबांनी चष्मा सावरत परातीत हात घातला, एक घर काढलं आणि म्हणाले, “ह्या आमचा.” त्यानंतर मांडवात उभं राहायला जागा उरली नाही. ज्यांनी गाव कधी पाहिलंच नव्हतं ती पोरं आजोबांना विचारत होती, आपलं कुठलं? एक बाई शेजारणीचं घर सापडत नाही म्हणून आपलं घर लावायला तयार नव्हती. हिरूबाय आता नाहीत, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं घर ठमाबायनी लावलं, चाफ्याची बाजू आधी बोटानं चाचपून.

मी कडेला उभी राहून बघत होते. मला अभिमान वाटत होता आणि तो मी लपवत नव्हते. कारखान्यात मी काढलेल्या पॅनलची दारं कुठे कुठे बसली असतील, पण ती बसताना मी एकदाही पाहिली नव्हती.

गाव भरत आलं. मढवींची दोन्ही घरं लागली होती, कुणी लावली ते गर्दीत दिसलं नाही. ओट्याची जागा मोकळी होती. जनार्दनराव देवळाच्या दारात पाहुण्यांना नारळ देत होते. गजाननराव मांडवाच्या खांबाशी कुणाशीतरी बोलत होते. आता यांच्यातलं कोण येतं, दोघे मिळून येतात का, हे बघायला मी जागची हलत नव्हते. नवरा जेवायला चल म्हणत होता, मी त्याला थांब म्हटलं.

पुन्हा टेबलाकडे पाहिलं तर ओटा लागलेला होता. रंजनाताई आणि आणखी एक बाई टेबलापाशी हात पुसत उभ्या होत्या. पानं वाढायच्या गडबडीत दोघींनी येऊन तो बसवला होता. ती दुसरी गजाननरावांची बायको, वनिता. मी न राहवून विचारलं, “तुम्ही दोघी बोलता एकमेकींशी?”

वनिताताईंनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “आमचा कदी बंद व्हता? दुपारचे रोज फोनवर असतो आमी.”

रंजनाताई म्हणाल्या, “ह्यांना नका सांगू,” आणि दोघी भाताचं पातेलं उचलून पंगतीकडे गेल्या.

थोड्या वेळानं जनार्दनराव जावयाला गाव दाखवायला घेऊन आले. देऊळ दाखवलं, विहीर दाखवली, मग आपलं घर. ओट्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा बघा, हा वेगळा निघतो,” आणि नखानं त्याची कड उचकटायला लागले. तो निघेना. दोन्ही घरांमध्ये तो घट्ट बसला होता. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातून प्रयत्न केला. तोवर गजाननराव खांबाकडून टेबलाच्या पलीकडे येऊन उभे राहिले होते.

“ऱ्हाऊ दे, दादूस,” ते म्हणाले. “बसलाय तो.”

जनार्दनरावांनी बोट काढलं. मग जावयाला म्हणाले, “हे गजाननकाका,” आणि परातीत उरलेली दोन घरं कुणाची आहेत ते दोघा भावांनी मिळून शोधायला घेतलं.